समुद्रकड्याच्या धारेवर जायचंय? सुरुवात गोरखगडापासून

मावसभाऊ नोकरीसाठी आयर्लंडमधल्या लेटरकेनीला गेला, तेव्हा मावशीनं तिथल्या थंडीची चौकशी केली आणि मी डोंगरांची. ऐरोलीच्या घरात बसून नकाशा चाळताना डोनेगल परगण्याच्या नैऋत्य टोकाला एक नाव दिसलं, स्लीव्ह लीग. उंची ६०१ मीटर. आपला गोरखगड याहून थोडा उंचच. मनात म्हटलं, हे तर रविवारच्या सकाळचं काम. पण गोरखगडाच्या पायथ्याला देहरी गाव आहे आणि स्लीव्ह लीगच्या पायथ्याला अटलांटिक महासागर. डोंगराची समुद्राकडची बाजू माथ्यापासून थेट पाण्यात उतरते. आयर्लंडला जाणारे बहुतेक लोक मोहरच्या कड्यांवर फोटो काढून येतात. ते कडे उंचात उंच जागी २१४ मीटर आहेत, म्हणजे इथल्या तिसऱ्या हिश्श्याइतके.

मी तिथे दोनदा गेलो. पहिल्यांदा निम्म्यातून परतलो, दुसऱ्यांदा माथ्याला हात लावला. या लेखातलं बरंचसं पहिल्या खेपेनं शिकवलेलं आहे. सह्याद्रीत पाच-सात गड केलेल्या, पायऱ्या आणि घसाऱ्यावर हात बसलेल्या ठाणे-नवी मुंबईच्या ट्रेकरला डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. कधीच डोंगर न चढलेल्यानं तिथे बनग्लास या कड्यांसमोरच्या जागेच्या कठड्यापासून कडे पाहावेत, तेवढ्यानंही पैसे वसूल होतात.

आधी कागद, मग डोंगर

हे चार ओळींत उरकतो, पण वगळू नका. आयर्लंड शेंगेन गटात नाही. युरोपची ट्रिप करून 'तसंच पुढे आयर्लंड' असं होत नाही, भारतीय पासपोर्टला वेगळा आयरिश व्हिसा लागतो. दुसरी गोम रस्त्यात आहे. डब्लिनहून डोनेगलकडे जाणारे जवळचे रस्ते मधे उत्तर आयर्लंडमधून, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीतून जातात. सीमेवर ना फाटक ना शिपाई, त्यामुळे कळतही नाही. हातात फक्त आयरिश व्हिसा असेल तर स्लायगोमार्गे जा. वाट लांबची पडते, पण सगळी प्रजासत्ताकाच्या हद्दीत राहते. पुढे डोनेगल गाव, किलीबेग्स हे मासेमारीचं बंदर, मग कॅरिक आणि शेवटी टीलिन. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, तेवढाच दिलासा.

महिना मे किंवा जून धरा. एप्रिल ते जून तिथे त्यातल्या त्यात कोरडे असतात आणि जूनच्या शेवटी सूर्य रात्री दहानंतर मावळतो. डिसेंबरात तोच सव्वाचारच्या आसपास बुडतो. हिवाळ्यात स्वस्त तिकीट मिळालं म्हणून या धारेवर जायचा विचार असेल, तर ते पैसे गाठीला बांधून ठेवा.

तयारी घरच्या डोंगरांवर

आपल्याकडे ट्रेकर ज्याला दृष्टिभय म्हणतात, ते व्यायामानं जात नाही, सवयीनं कमी होतं. खाली पोकळी दिसली की पोटऱ्या ताठ होतात, पाऊल आखूड पडतं, नजर खिळते. ताकद भरपूर असलेला माणूसही तिथे लटपटतो. म्हणून पायांची तयारी आणि डोळ्यांची तयारी वेगवेगळी करायची.

पायांसाठी लांब जायला नको. मुंब्रादेवीच्या पायऱ्या किंवा खारघरच्या टेकडीचा चढ आठवड्यातून दोनदा, पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन. महिन्यातून एकदा आसनगावला उतरून माहुली. माहुली चढून दुपारी परत आलात आणि दुसऱ्या दिवशी जिने उतरताना कठडा धरावा लागला नाही, तर स्लीव्ह लीगला पाय पुरतील.

डोळ्यांसाठी मात्र गोरखगडच. कल्याणहून मुरबाड, म्हसा करत देहरी. खालचा जंगलातला टप्पा सोपा आहे. गुहेपुढच्या चाफ्याच्या झाडांपाशी बसून समोरचा मच्छिंद्रगडाचा सुळका पाहा आणि मग माथ्याकडच्या कातळातल्या पायऱ्यांना भिडा. जाताना काही वाटत नाही. उतरताना पायाखाली पायरी कमी आणि दरी जास्त दिसते, खरी परीक्षा ती. मी तिथे एक साधा सराव करतो. सुरक्षित रुंद जागी उभं राहायचं, दरीकडे नजर टाकून दहा श्वास मोजायचे आणि नजर परत पायाशी आणायची. नजर आपल्या हुकमानं जाते-येते हे एकदा अंगात भिनलं की निम्मं काम झालं. हिवाळ्यात जा. पावसाळ्यात त्या पायऱ्यांना शेवाळ धरतं आणि मग सराव राहतो बाजूला.

एक उणीव मात्र गोरखगड भरून काढत नाही. तिथे हातांना खोबणी मिळतात, अंग कातळाला चिकटवता येतं. सह्याद्रीनं आपल्याला हातांवर भिस्त ठेवायला शिकवलंय: कारवीचं झुडूप, झाडाचं मूळ, नाहीतर पुढच्याची सॅक. स्लीव्ह लीगवर गवत आणि हेदर नावाचं गुडघ्याइतकं खुरटं झुडूप यांखेरीज काही नाही. धार पायांनीच पार करावी लागते. त्यासाठी हात मागे बांधून चालायचा सराव करा, हसू नका. सोसायटीच्या बागेतल्या फूटभर उंच कट्ट्यावरून पाठीवर सॅक घेऊन, हात मागे, नजर चार पावलं पुढे. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, लोक बघतायत." बघू देत.

आणि वारा? तो अनुभवायला नाणेघाट. मुरबाडच्या बाजूनं वैशाखरे गावातून चढा, किंवा जुन्नरकडून गाडीनं माथ्यावर जा. भर पावसाळ्यात खालून चढणारा वारा माथ्यावरचा धबधबा उलटा उडवतो, तो पाहायला गर्दी लोटते. आपण गर्दी टाळून, कड्यापासून चांगलं पन्नास पावलं आत, त्या वाऱ्यात शंभर पावलं सरळ चालून बघायचं. चार पावलांतच कळेल की आजवर आपण वाऱ्यात 'चाललोच' नव्हतो. जाण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईचे आदेश आहेत का तेवढं तपासा. पावसाळ्यात ते बहुतेक वेळा असतातच.

सॅकमध्ये काय, घरी काय

पॉन्चो आणि छत्री घरी. सह्याद्रीच्या पावसात पॉन्चोसारखं सुख नाही, हे मान्य, पण समुद्रकड्यावर त्याचं शीड होतं आणि होडी तुम्ही. अंगासरशी बसणारं, टोपीला दोरी असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट आणि वरून घालायची तशीच पँट लागते. जीन्स आणि सुती टीशर्ट बाद. भिजलेलं सुती कापड आपल्याकडे गारवा देतं, तिथे हुडहुडी भरवतं. जूनमध्येही समुद्रसपाटीला पंधरा-सोळा अंश असतात, माथ्यावर तीन-चार अंश कमी, आणि वाऱ्यात त्याहून कितीतरी थंड वाटतं. पातळ लोकरीची टोपी आणि हातमोजे उन्हाळ्यातही ठेवा.

बूट घोट्यापर्यंतचे, तळ मऊ रबराचा. आपला काळा बेसाल्ट खरखरीत असतो, कोरडा असला की बूट धरून ठेवतो. तिथला क्वार्टझाइट भिजला की फरशीसारखा होतो. त्याखेरीज पीट, म्हणजे दलदलीची काळी माती. पाऊल टाकलं की पचकन आत. भातखाचरात चालल्याची आठवण येते, फक्त गार.

काठी एक पुरे. तिचा पट्टा कड्याजवळ मनगटातून काढून ठेवा, काठी गेली तर एकटी जाऊ दे. सॅक छोटी, बाहेर काही लटकवलेलं नको. शिटी, हेडटॉर्च, भरलेली पॉवरबँक, फोनमध्ये ऑफलाइन नकाशा, आणि जमलं तर कागदी नकाशासुद्धा. तिथल्या सरकारी डिस्कव्हरी मालिकेतला १० क्रमांकाचा, १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या.

खाऊ इथून न्यायचा तर चिक्की, खजूर, भाजलेले दाणे. पेढे-बर्फी नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. मावशीनं लेकासाठी बांधून दिलेला डबा मला निघायच्या आदल्या रात्री परत करावा लागला, आणि तिनं ते अजून विसरलेलं नाही.

वारा

या भागात मी रेंगाळणार आहे, कारण धारेची रुंदी पाहून भीती वाटते आणि वारा दिसत नाही म्हणून वाटत नाही.

पहिला हिशोब असा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात आपण गप्पा मारत चालतो, ४० ला वाकून चालतो आणि ६० ला पाऊल ठरवलेल्या जागी पडत नाही. दर्यावर्दी लोकांच्या ब्यूफोर्ट मापात सहाव्या पायरीची, म्हणजे ३९ ते ४९ किलोमीटरच्या वाऱ्याची खूण अशी आहे की छत्री सांभाळणं कठीण जातं. मी माझी मर्यादा तिथेच आखली: झोत ४० च्या वर सांगितले असतील तर अरुंद टप्प्यावर पाय ठेवायचा नाही. हवामानाच्या अंदाजात सरासरी वारा आणि झोत असे दोन आकडे असतात. पाहायचा तो झोतांचा. तोही खालच्या गावचा न घेता डोंगरमाथ्याच्या उंचीचा घ्यायचा. गावात झुळूक असताना धारेवर भणभण चालू असू शकते.

दुसरी गोष्ट दिशा. स्लीव्ह लीगचे कडे दक्षिण-नैऋत्येला तोंड करून आहेत. नेहमीचा वारा नैऋत्येचा, तो समुद्रावरून येऊन कड्यावर आपटतो आणि वर उसळतो. नाणेघाटात पाणी उलटं उडवणारा वारा जे करतो तेच. तो तुम्हाला जमिनीकडे ढकलतो, म्हणजे त्यातल्या त्यात भल्याचा. उत्तरेचा वारा समुद्राकडे ढकलतो. तो निम्म्या वेगाचा असला तरी मी धारेच्या आतल्या बाजूनं, कड्यापासून दूर चालतो.

पण भल्याच्या वाऱ्यातही मेख आहे, आणि पहिल्या खेपेला मी तिथेच फसलो. समुद्रावरून झोत येतो, आपण नकळत समुद्राकडे रेलून तोल साधतो. झोत अचानक पडतो. आता टेकायला वारा नाही आणि अंग कललेलं कड्याच्या बाजूला. मी दोन पावलं समुद्राकडे गेलो. कडा सात-आठ पावलांवर होता, म्हणून हे लिहू शकतोय. मावसभाऊ मागून एवढंच म्हणाला, "दादा, बस झालं." आम्ही परतलो.

तेव्हापासूनचा नियम: झोतात रेलायचं नाही, बसायचं. गुडघे वाकवून, पाय फाकवून, जमिनीलगत. झोत गेला की चार पावलं. पुन्हा आला की पुन्हा खाली. दर मिनिटाला बसावं लागत असेल, तर वारा परत जा म्हणून सांगतोय.

आणि परत फिरायची जागा आधी ठरवा, घरी, नकाशावर बोट ठेवून. धारेवर ठरवायला गेलं की 'एवढे पैसे खर्चून आलोय' हे वाक्य मधे येतं. आम्ही दुसऱ्या खेपेला दोन जागा ठरवल्या होत्या आणि तिथे पोचल्यावर दोघांपैकी एकानं जरी 'नको' म्हटलं तरी कारण न विचारता फिरायचं, असं ठरलं होतं.

वाट, टप्प्याटप्प्यानं

खालच्या फाटकापासून माथा गाठून परत यायला दहा-अकरा किलोमीटर आणि पाच तास धरा. चढ एकूण पाच-सहाशे मीटर. सकाळी नऊच्या आत निघा. उशिरा निघून धुक्याशी शर्यत लावण्यापेक्षा माथ्यावर दुपारचं खाणं बरं.

फाटक ते बनग्लास हा डांबरी चढाचा रस्ता आहे. हंगामात गाड्या खालीच ठेवायला लावतात, तर चालतच जा, पाय गरम होतात. डावीकडे कॅरिगन हेडवर नेपोलियनच्या काळातला टेहळणी मनोरा दिसतो. वाटेत जमिनीवर पांढऱ्या दगडांत 'एरा' हे देशाचं नाव लिहिलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ होता, वरून जाणाऱ्या वैमानिकाला कळावं म्हणून ती अक्षरं मांडली होती. बनग्लासला पोचलात की समोर सगळी धार एका नजरेत येते. इथे दहा मिनिटं थांबा आणि वाऱ्याचा अंदाज घ्या. ही आमची परतीची पहिली जागा. इथेच टोपी सांभाळावी लागत असेल तर वर जाण्यात अर्थ नाही.

बनग्लासपासून दगडी पायऱ्या वर जातात आणि वाट कड्याच्या काठाकाठानं स्क्रेगायटर, ईगल्स नेस्ट अशा टेपाडांवरून चढत राहते. समुद्र डाव्या हाताला. वाट रुंद आहे, पण तिचे फाटे कड्याकडे जातात, फोटोवाल्यांनी पाडलेले. त्यांवर जाऊ नका. काठावरचं गवत खालून पोकळ असू शकतं: माती समुद्रानं आणि पावसानं खाल्लेली, वर नुसती हिरवळ तरंगणारी. कोकणकड्यावर आपण पालथं पडून खाली डोकावतो ते कातळाच्या भरवशावर. गवताच्या कडेवर पालथंसुद्धा पडू नये. दोन माणसं लांबीनं झोपतील एवढं अंतर कायम ठेवा. मेंढ्या पार काठावर चरताना दिसतील. त्यांना चार पाय आहेत.

पुढे वाट अरुंद होते आणि नावांचा घोळ सुरू होतो. 'वन मॅन्स पाथ' आणि 'वन मॅन्स पास' या दोन वेगळ्या जागा आहेत. 'पाथ' आधी लागतो. खडकाची सुरीसारखी धार, काही पावलांपुरती, दोन्हीकडे उतार, समुद्राकडचा भयंकर. ती टाळून जाणारी पायवाट उजव्या, जमिनीकडच्या बाजूनं खालून जाते आणि पुढे परत मुख्य वाटेला मिळते. मी दोन्ही खेपांना ती खालची वाट घेतली. त्यात कमीपणा नाही. धार ओली असेल, वारा असेल किंवा गटात एकाचेही पाय लटपटत असतील, तर प्रश्नच नाही. धारेवरूनच जायचं असेल तर एका वेळी एक जण, सॅकचे पट्टे घट्ट, गरज लागली तर बसून सरकत. मधे थांबून फोटो नाही, मागे वळून बोलणं नाही. सॅक पाठीवर आहे हे माणूस वळताना विसरतो, आणि सॅक वळताना तोल घेऊन जाते. आमची परतीची दुसरी जागा या टप्प्याच्या अलीकडची.

इथून पुढचा चढ खडा आणि दगडांचा, पण भीतीचा नाही. दम लागतो तेवढाच. चढ संपतो तिथे डोंगराचा पूर्वेकडचा माथा, आणि त्यापुढे मुख्य माथ्यापर्यंत जाणारा 'वन मॅन्स पास'. नाव ऐकून छातीत धस्स होतं, प्रत्यक्षात कोरड्या शांत दिवशी पुरेशी रुंद धार आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तळी आणि ओसाड माळ. आपल्या प्रदेशातली कुठलीतरी सोंड चालतोय असं वाटायला लागतं, आणि तेवढ्यात डावीकडे पाचशेहून जास्त मीटर खाली पांढरी रेघ दिसते. ती लाट असते. आवाज वर पोचत नाही.

माथ्यावर सिमेंटचा खांब आहे, सर्वेक्षणाचा. धुकं आलं तर त्याला सोडून भटकू नका. माथा सपाट आहे, वाटा विरून जातात आणि कडा जवळ आहे. बसा, चिक्की खा, वीस मिनिटं द्या. धुकं हटलं नाही तर ऑफलाइन नकाशावर स्वतःचा ठिपका पाहत, जमिनीची बाजू धरून उतरा. इथे 'पिलग्रिम्स पाथ' ही दुसरी वाट कामी येते. ती डोंगराच्या आतल्या अंगानं, जुन्या प्रार्थनास्थळाच्या पडक्या भिंतींजवळून टीलिनकडे उतरते आणि कड्यापासून दूर राहते. वारा वाढला तरी परतीला हीच घ्या. गाडी दुसऱ्या टोकाला राहते आणि डांबरी रस्त्यानं पायपीट होते, ती करा.

आल्या वाटेनं उतरणार असाल तर समुद्र आता उजव्या हाताला असतो. चढताना अंगवळणी पडलेला सगळा अंदाज उलटा होतो. पहिली दहा मिनिटं मुद्दाम हळू चाला. घसरून पडण्याचे प्रसंग उतरतानाच जास्त येतात हे सह्याद्रीत आपण शिकलोच आहोत.

काही झालंच तर

११२ किंवा ९९९. फोन लागला की 'माउंटन रेस्क्यू' हवी म्हणून सांगा. ते स्वयंसेवक असतात, घरदार सोडून येतात, त्यामुळे पोचायला तास-दोन तास लागू शकतात. तोवर जखमी माणसाला वाऱ्याच्या आडोशाला, जमिनीवर अंथरलेल्या सॅकवर बसवा. फोन लागत नसेल तर शिटी: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. खाली घसरलेल्या माणसामागे उतरू नका, कितीही जवळचा असला तरी. निघताना मुक्कामाच्या ठिकाणी परतायची वेळ सांगून ठेवा आणि परतल्यावर 'आलो' म्हणून कळवा.

वहिनीनं दोन्ही खेपांना धारेवर यायला साफ नकार दिला. "तुम्ही दोघं जा, मला माझे पाय आवडतात." दुसऱ्या खेपेला ती टीलिनच्या धक्क्यावरून कडे दाखवायला नेणाऱ्या होडीत बसली. वर आम्ही पाऊल मोजत होतो तेव्हा ती खाली पाण्यावरून अख्खा कडा पाहत होती, पायथ्यापासून ढगापर्यंत. आमच्या दोघांच्या फोनमध्ये मिळून दोनशे फोटो होते. ऐरोलीच्या बैठकीच्या खोलीत लावलाय तो तिनं काढलेला आहे.